बाटलेला पत्रा

खरात मास्तरांची नि माझी ओळख त्यांच्या ओरडण्यातून झाली.

तेव्हाच्या औरंगाबादेत एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत मी नुकताच लागलो होतो. फिटर, टर्नर, वेल्डर व्हायला आलेल्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवायचं, हे माझं काम. सोयगावच्या शाळेतून शिकून बीएस्सी झालेला मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. अंगात नवा शर्ट, खिशाला पेन आणि शिकवण्याचा मोठा उत्साह. पहिल्याच आठवड्यात कार्यशाळा बघावी म्हणून वेल्डिंगच्या शेडमध्ये शिरलो. एका टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवला होता, घासून लख्ख केलेला. आमच्याकडं ॲल्युमिनियमला कुणी ॲल्युमिनियम म्हणत नाही, जर्मन म्हणतात. घरी भाताचं पातेलं जर्मनचंच होतं. पण इतकं उजळ जर्मन मी पाहिलं नव्हतं. सहज बोट पुढं केलं.

"शिवू नका!"

माझा हात हवेतच राहिला, कुणी मनगट धरावं तसा. डोक्यात अर्थ शिरायच्या आधी हातानं ते ऐकलं होतं. शब्द मला नवा नव्हता. आमच्या आळीत, आमच्या विहिरीवर लहानपणी मी तो कितीदा तरी ऐकला होता. पण तो आमच्या तोंडून बाहेर जायचा. आमच्या दिशेनं येताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

शेडच्या दुसऱ्या टोकाकडून एक सडसडीत, सावळा माणूस चालत आला. खाकी शर्टाला ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं, कपाळावर सरकवलेला निळ्या काचांचा चष्मा, तेल लावून चापून बसवलेले केस. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले.

"नवे सर का? बीएस्सी?"

"हो."

"मग तुम्हाला काय सांगायचं! बोटाला घाम असतो, तेल असतं. आत्ता तुम्ही शिवला असता तर पत्रा बाटला असता. परत आंघोळ घालावी लागली असती त्याला." मग हसले. "मी खरात. बसा. स्टुलाला शिवलं तरी चालतं."

आडनाव सांगून ते माझ्या चेहऱ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. आमच्या भागात आडनाव सांगितलं की बाकीचं समोरचा आपोआप ओळखतो. ते बौद्ध होते. त्यांच्या घरानं त्या शब्दापायी काय काय सोसलं असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ते दुसऱ्या बाजूला उभं राहून पाहिलेलं होतं.

त्यांच्या शेडमध्ये सगळा कारभारच त्या भाषेत चाले. जर्मन घासायचा तारेचा ब्रश वेगळा. लोखंडाला एकदा लागलेला ब्रश जर्मनला चालत नाही, लोखंडाचे कण त्यात जातात. तो ब्रश उंच खिळ्याला टांगलेला असे. त्याचं नाव 'सोवळ्यातला'. पत्रा सोड्याच्या गरम पाण्यातून काढायचा म्हणजे त्याची 'आंघोळ'. घासून झालेल्या पत्र्याला कुणाचं बोट लागलं की मास्तर शेडच्या छपराला ऐकू जाईल असं ओरडत, "बाटला!" आणि तो पत्रा चिमट्यानं उचलून पुन्हा सोड्याच्या टपात टाकत. पाटलाचं पोर असो, कुलकर्ण्याचं असो, मास्तरांच्याच वस्तीतलं असो.

"बाटवलास की रे राजे! आता काय, पंचगव्य आणू का गोमूत्र?"

पोरं खो खो हसत. बाटवणाराही हसे. मास्तरसुद्धा हसत, पण त्यांचे हात पाठीमागून सुटत नसत.

माझ्या विज्ञानाच्या तासाला मुलं पेंगत. धातूचे गुणधर्म मी फळ्यावर लिहायचो आणि मागच्या बाकांवर माना खाली जायच्या. तीच मुलं मास्तरांच्या शेडमध्ये पापणी न हलवता उभी राहत. म्हणून एक दिवस मी मास्तरांकडं गेलो आणि म्हटलं, "मलाही शिकवा."

"हौ, या की," ते म्हणाले. हैदराबादेत बरीच वर्षं काढल्यामुळं त्यांच्या बोलण्यात तिकडची दखनी मधूनच येई. "पण इथं तुम्ही सर नाही हां बीएस्सी. इथं पोरगं."

तिथं उभं राहिल्यावर मला कळलं, मुलं तिथं पापणी का हलवत नाहीत ते.

"लोखंड भला माणूस आहे," मास्तर सांगत. "रागावलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग वितळतं. तुम्हाला सावरायला वेळ देतं. जर्मन तसं नाही. ते तोंडावरची रेघ हलू देत नाही. आत्ता पत्रा आहे, आत्ता आहे, आत्ता आहे, आणि आत्ता भोक." वितळेपर्यंत त्याचा रंग बदलत नाही. तापलेलं जर्मन आणि गार जर्मन शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक कळत नाही. तो फरक ओळखायच्या जुन्या युक्त्या ते शिकवत. आधी ऑक्सिजन बंद ठेवून नुसत्या गॅसची पिवळी, धुरकट ज्योत सांध्याच्या कडेनं फिरवायची. पत्र्यावर काजळी धरते. मग ऑक्सिजन सोडून ज्योत निळी करायची आणि दुरून ऊब देत राहायचं. काजळी उडून गेली की समजायचं, पत्रा तयार होत आला. सांध्यावर नि सांध्यात भर घालायच्या जर्मनच्याच सळईवर पांढरी पावडर पाण्यात कालवून लावलेली असते. ती पाण्यासारखी पसरते आणि लगेच तिच्याखालचा धातू थरथरतो, दुधावर साय धरावी इतपतच. त्या थरथरीत सळई टेकवायची आणि पुढं सरकायचं. आधी टेकवली तर चिकटत नाही, नंतर टेकवली तर टेकवायला पत्रा उरत नाही. पत्रा जसजसा तापतो तसतसा हात वाढवायचा. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर तर पळायचं.

हे सगळं निळ्या चष्म्यातून. पावडर पेटली की ज्योत अशी पिवळीधमक होते की साध्या डोळ्यांना सांधा दिसतच नाही.

त्या तुकडीत दत्ता नावाचा मुलगा होता. सिल्लोडकडच्या एका गावातला, बऱ्या शेतीवाल्या घरचा. हात उत्तम, पण उतावळा. मास्तर त्याच्या पाठीशी उभं राहून म्हणाले, "हल्लू, दत्तोबा, हल्लू!" दत्तानं हात हळू केला. पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा धप्पकन टेबलावर पडला.

"तुम्हीच म्हणलात ना सर, हळू!"

"अरे ज्योत हल्लू म्हणलो मी! ज्योत मऊ कर, फुसफुसायला नको. हात कुणी हल्लू करायला सांगितला? आँच हल्लू, हात जल्दी!"

"मग तसं मराठीत सांगा की."

"मराठीतच सांगतो," मास्तर म्हणाले, "पण मराठीत सांगितलेलं लोकांना झोंबतं."

त्याच दत्ताला आणखी एक खोड होती. पत्रा हातात आला की अंगठा कडेवरून फिरवायचा. विळ्याची धार बघणाऱ्या हाताला ती सवय घरूनच लागलेली. त्यामुळं दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा "शिवू नको दत्ता!" आणि "बाटला!" ही त्याच्याच नावानं. एकदा मास्तरांनी त्याला टेबलापासून चार हात दूर, भिंतीशी उभं केलं. "हात पाठीमागं. इथून बघायचं. जवळ यायचं नाही." दत्ता दुपारभर तिथून मान उंचावून बघत होता. मला ते दृश्य कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं. पण कुठं, ते मी त्या दिवशी मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नाही.

हैदराबादची गोष्ट मास्तरांनी मला एकदा चहाच्या सुट्टीत सांगितली. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे चुलते त्यांना तिकडं घेऊन गेले आणि विमानं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये झाडलोटीला लावलं. तिथले उस्ताद विमानाच्या जर्मनच्या टाक्या जोडायचे. एक दिवस पोरगेल्या खरातांनी टपातला पत्रा निथळून हातानं उचलला. उस्ताद ओरडले, "हात नक्को लगा!"

"मी पत्रा ठेवला," मास्तर म्हणाले, "आणि जाऊन दारात उभा राहिलो. गावात जिथं उभं राहायची सवय होती तिथं. चौकटीच्या बाहेर. उस्ताद म्हणाले, वहां कायकू खडा रे? मी म्हणलो, आपच बोले ना. त्यांना काही कळेना. तेवढ्यात वर्कशॉपचा मोठा साहेब आला. सूट, बूट. त्यानंही घासलेल्या पत्र्याकडं हात नेला. उस्ताद त्याच्यावर तस्सेच ओरडले. साब, हात नक्को! आणि साहेबानं हात मागं घेतला, बीएस्सी. खिशात घातला." मास्तरांनी कप खाली ठेवला. "तेव्हा मला कळलं, की हा नियम पत्र्यासाठी आहे. मी चौकटीच्या आत आलो. आलो तो आलोच."

दिवाळीच्या सुट्टीनंतर दत्ता परत आला तो मान खाली घालून. घरी जेवताना त्यानं शेडमधल्या गमती सांगितल्या होत्या. सोवळ्यातला ब्रश, पत्र्याची आंघोळ, "बाटला!" ची आरोळी, भिंतीशी उभं राहणं. आई हसली, बहिणी हसल्या. वडील हसले नाहीत. त्यांना सगळे आबा म्हणत. गावात वजन असलेला माणूस. त्यांनी एकच विचारलं, "मास्तरचं आडनाव काय?"

आठवड्याभरात तक्रार वरपर्यंत गेली. वेल्डिंगचा शिक्षक जातीच्या आकसानं वरच्या समाजाच्या मुलांना शिवू देत नाही, त्यांच्या हातानं पत्रा बाटतो असं सगळ्यांदेखत म्हणतो, त्यांना भिंतीशी दूर उभं करतो. त्यातले मास्तरांच्या तोंडचे शब्द सगळे खरे होते. एकही बनवलेला नव्हता. आणि मराठवाड्यात ते दिवस असे होते की जातीवरून एक शब्द वाकडा गेला तर गावात काय होईल सांगता येत नसे. त्या वर्षी जळलेल्या वस्त्या आम्ही बघितल्या होत्या.

खरात मास्तर तोवर तात्पुरत्या नेमणुकीवर होते. दरवेळी मुदत वाढायची. त्या वर्षी त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव निघाला होता. चौकशीत दोषी ठरले तर कायम होणं राहिलंच, मुदतही वाढणार नव्हती. घरी बायको, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि खाटेवर असलेले वडील.

प्राचार्य सज्जन होते आणि घाबरलेले होते. त्यांनी मास्तरांना बोलावलं, आणि मी मास्तरांकडं शिकत होतो म्हणून मलाही.

"खरात, शब्द बदला हो. तेवढंच करा. 'हात लावू नका' म्हणा. गैरसमज झाला, दिलगीर आहे, असं चार ओळींत द्या. मी मिटवतो."

"हात लावू नका म्हणून पाहिलंय, सर."

"मग?"

"मग बोट लावतात."

प्राचार्यांना हसू आलं, ते त्यांनी रुमालात दाबलं. मास्तर हसले नाहीत.

"शिवू नको म्हटलं की पोरगं जागच्या जागी थिजतं. पाटलाचं असो, कुणाचं असो. समजावून सांगावं लागत नाही. या मुलखात तो एकच शब्द असा आहे, की माणसाचा हात तो आपसूक ऐकतो. आमच्या शंभर पिढ्यांवर घासून घासून त्याला धार लावलीय, सर. मी तो निदान कामाला लावला."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतायत ते बरोबर आहे. झोंबतो शब्द. मलाच माहीत, किती झोंबतो ते."

दिलगिरी त्यांनी दिली नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मास्तर, नोकरीचा प्रश्न आहे. एक शब्द..."

"तुम्ही तुमचा तास घ्या, बीएस्सी."

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. शेडमध्ये हसणं बंद झालं. मुलं दोन बाजूंना उभी राहू लागली. एका बाजूला आंबेडकरी वस्तीतली, दुसऱ्या बाजूला बाकीची, मध्ये टेबल. मास्तर "शिवू नको" म्हणाले की आता सगळी त्यांच्या तोंडाकडं बघत, पत्र्याकडं कुणी बघत नसे. एकदा दुसऱ्या बाजूच्या एकानं मुद्दाम, मास्तरांच्या डोळ्याला डोळा देऊन, पूर्ण पंजा पत्र्यावर ठेवला. मास्तरांनी चिमटा घेतला, पत्रा टपात टाकला, दुसरा घेतला. त्या दिवशी ते "बाटला" म्हणाले नाहीत. गॅसची नळी त्यांनी तीनदा तपासली आणि ज्योत न पेटवताच सगळ्यांना घरी पाठवलं. "ज्याचं ध्यान पत्र्यावर नाही त्यानं गॅसजवळ उभं राहायचं नाही," एवढंच बोलले.

दत्ता माझ्याकडं आला. "सर, मी आबांना लई सांगितलं. ऐकत नायत. म्हणत्यात, तुला अक्कल नाय."

"चौकशीत तुलाच विचारतील."

"व्हय." तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. "काय सांगू? म्हणला का? म्हणला. भित्तीशी उभं केलं का? केलं. खोटं कसं सांगू? आन् खरं सांगितलं तर मास्तर जात्यात."

चौकशीला विभागीय कार्यालयातून एक अधिकारी आले. मितभाषी, थकलेला माणूस. त्यांनी कचेरीत एकेकाला बोलावलं. दत्ताला विचारलं, त्यानं 'हो' म्हटलं. भिंतीशी उभं केलं? 'हो.' आबा शेजारच्या खुर्चीत टोपी नीट करत बसले होते. मास्तरांना विचारलं, त्यांनीही सगळ्याला 'हो' म्हटलं. अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "शेडमध्ये चला. रोज काय करता ते बघू द्या."

शेडमध्ये त्या सकाळी माणसं दाटली होती. प्राचार्य, दोन्ही बाजूंची मुलं, मी, आबा. मास्तरांनी सभोवार बघितलं आणि म्हणाले, "दत्ता, घे."

मला वाटलं, ही कसली जिद्द! पोराचं चित्त ठिकाणावर नाही, भोक पडलं तर? पण मास्तर मागं सरकले होते, हात पाठीमागं बांधून.

दत्तानं पत्र्याचे दोन तुकडे सोड्यातून काढले, निथळले. उंच खिळ्यावरचा ब्रश काढला. कडा एकाच दिशेनं घासल्या. पावडर कालवली. अंगठा एकदा कडेकडं निघाला, मध्येच थांबला आणि मुठीत परत गेला. मग त्यानं चष्मा ओढला आणि ज्योत पेटवली. काजळी धरली. ज्योत निळी झाली, मऊ, फुसफुस नाही. काजळी विरत गेली. पावडर पसरली. मास्तरांकडं बघायचं धाडस झालं नाही. दत्तानं सळई टेकवली आणि हात पुढं निघाला. मध्यापर्यंत एका चालीनं, मग भरभर. शेवटच्या दोन बोटांवर तो अक्षरशः पळाला, आणि ज्योत उचलली.

सांधा एकसारखा होता. नाण्यावर नाणी ओणवी मांडावीत तसा. ज्योत विझली. पत्रा टेबलावरच्या विटांवर पडला होता, पांढरा, चकचकीत, शांत.

आबा पुढं झाले. एवढा वेळ उभं राहून ते कंटाळले असावेत. "एवढंच ना? ह्याच्यात शिवायचं नाय असं हाय तरी काय?" असं म्हणत त्यांनी हात घातला.

"शिवू नका आबा!"

दत्ता ओरडला. त्याचा आवाज फाटला. आबांचा हात पत्र्यापासून बोटभर अंतरावर थिजला. पोरानं बापाला, गावच्या त्या माणसाला, दोन्ही बाजूंच्या मुलांदेखत, साहेबादेखत, तो शब्द म्हटला होता. आबांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. मला वाटलं, आता हात उठतो तो पोराच्या मुस्काटात.

मास्तरांनी कोपऱ्यातला पाण्याचा गडू घेतला आणि दोन थेंब पत्र्यावर टाकले. चर्रर्र झालं. थेंब उड्या मारत नाहीसे झाले.

आबांनी आपल्या हाताकडं पाहिलं. मग पत्र्याकडं. तो तितकाच पांढरा, तितकाच शांत होता. कुणालाही गार वाटावा असा.

दत्तानं पत्रा चिमट्यानं उचलला, कढत पाण्यात घातला, ब्रशनं पावडर धुऊन काढली. पावडर राहिली तर सांधा आतून खाते, म्हणून हे धुणं घाईनं करायचं नसतं. सगळे ते धुणं बघत उभे होते, घरात काही कार्य असावं तसे. मग त्यानं पत्रा गार पाण्यातून काढून फडक्यावर ठेवला.

आबा अजून तिथंच होते. हात खाली आला होता, पण पुढं जात नव्हता. त्यांनी पोराकडं पाहिलं नाही, साहेबाकडं पाहिलं नाही. घसा साफ केला आणि मास्तरांना विचारलं,

"आता शिवू का?"

मास्तरांचे पुन्हा पाठीमागं गेलेले हात मला माझ्या जागेवरून दिसत होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"शिवा," ते म्हणाले.

आबांनी पत्रा दोन्ही हातांनी उचलला आणि सांध्यावरून अंगठा फिरवला, थेट दत्ता फिरवायचा तसा. "ह्ये पोरानं केलं?" कुणीतरी हसलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तक्रारीचं काय करायचं?" आबा म्हणाले, "माझं आता काय म्हणणं नाय," आणि पत्रा तसाच काखेत घेऊन बाहेर पडले. सरकारी माल होता तो, पण परत मागायची हिंमत प्राचार्यांना झाली नाही.

दुपारी मी उत्साहानं मास्तरांकडं गेलो. "आबा मनाचा मोठा निघाला."

मास्तर नळीचे नट आवळत होते. "भाजलं असतं म्हणून विचारलं त्यानं."

"तरी विचारलं ना?"

"हौ. विचारलं." त्यांनी नट आणखी एक आटा आवळला. "माझ्या बापाला उभ्या जन्मात असं विचारायची मुभा नव्हती, बीएस्सी. शिवू का म्हणून विचारणंसुद्धा गुन्हा होता. तुम्ही खूश व्हा. तुमचं चुकत नाही. मला जरा वेळ लागेल."

दोन महिन्यांनी आदेश आला. खरात कायम झाले होते. त्याच आदेशात खाली, प्रशासकीय कारणास्तव, त्यांची बदली परभणीकडं केली होती. तक्रार मागं घेतली गेली होती, पण वरच्यांना इथं पुन्हा गडबड नको होती. मी चिडलो, प्राचार्यांकडं जातो म्हणालो. मास्तरांनी अडवलं.

"कायम झालो ते बघा. पोरींची शाळा सुटत नाही आता."

"तिथं जर्मनचं काम आहे का?"

"नाही. लोखंडच." ते जरासे हसले. "लोखंडाला काय, कुणीही शिवावं."

माझा विज्ञानाचा तास पुढं बरा होऊ लागला. फळ्यावर लिहायच्या आधी मी मुलांना शेडमध्ये नेऊ लागलो. नोकरीच्या उरलेल्या सगळ्या वर्षांत मी जे काही शिकवलं, ते शिकवायचं कसं, हे मला त्या शेडनं शिकवलं. हे मी मास्तरांना कधी नीट सांगितलं नाही. त्यांना ते आवडलंही नसतं.

निघायच्या दिवशी त्यांना पोहोचवायला मी स्टँडवर गेलो होतो. बायको, मुली आणि वडील मागाहून येणार होते. परभणीची गाडी लागली तसा लोंढा दारावर धावला. मास्तर आधीच चढले होते, त्यांना खिडकीची जागा मिळाली होती. मी खाली उभा राहून वेड्यासारखं काहीतरी बोलत होतो: पत्र लिहा, तब्येत सांभाळा. तेवढ्यात मला बाजूला सारत एक बाई खिडकीशी आली. डोक्यावर बोचकं, एका हातात पिशवी, काखेत तान्हं लेकरू, दारात ही गर्दी. तिनं वर मास्तरांकडं पाहिलंही नाही नीट.

"धरा ओ काका जरा!" म्हणाली आणि लेकरू खिडकीतून आत दिलं.

मास्तर गोंधळले. "थांबा, थांबा," म्हणत त्यांनी आधी दोन्ही तळवे पँटला खसाखसा पुसले. मग हात बाहेर काढले आणि लेकरू घेतलं. बाई दाराकडं पळाली. कंडक्टरनं घंटा मारली, गाडी हलली, आणि गर्दीतून बाई आत पोहोचली की नाही ते मला खालून दिसेना. मला मास्तर तेवढे दिसत होते. लेकराची मान पंजात अलगद तोलून धरलेले, त्याच्या तोंडाकडं एकटक बघणारे. मी हात हलवला. त्यांना तो दिसला नाही.